गोंद वाळेपर्यंत

कारखान्याच्या फाटकासमोर पायऱ्या पाच होत्या. तिसऱ्या पायरीवर ती बसली होती, आणि तिच्याजवळ जे होतं ते असं : मिटलेली, गळणारी छत्री एक. पिशवी एक, तिच्यात हवेतली रसायनं टिपणारे आठ बिल्ले, मोजपट्टी, भिंग आणि दोन पेन्सिली. चहाने भरलेला थर्मास एक. आणि बूट – दीड.

कारण डाव्या बुटाचा सोल टाचेपाशी कसाबसा तग धरून होता आणि पुढून त्याने असा आ वासला होता, की जणू सगळ्या रस्त्यात त्यालाच काहीतरी विनोदी दिसलं होतं.

दहा वाजायला थोडा वेळ होता. दहाला तिला आत जायचं होतं. ही कंपनी बूट बनवताना माणसांशी किती सचोटीने वागते, माती-पाण्याला किती त्रास देते, हे तपासून कंपनीला ‘हिरवा शिक्का’ द्यायचा की नाही ते सांगायला. आणि तपासनीस बाईंच्याच बुटाने ऐन दारात मान टाकली होती!

“तोंड दुखत असेल हो त्याचं,” कुणीतरी म्हणालं. “किती वेळ उघडं आहे?”

तिने वर पाहिलं. तो फाटकातून बाहेर येत होता. हातात सुतळीने बांधलेलं खोकं, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि थेंबांमागे हसू दाबणारे डोळे.

“फुकटचे विनोद नकोत,” ती म्हणाली. “सुतळी तेवढी द्या. बांधून घेते.”

“बुटाच्या कारखान्यासमोर बसून सुतळी मागताय? समुद्रकाठी बसून मीठ उसनं मागाल तुम्ही.”

त्याने खोकं खाली ठेवलं, खालच्या पायरीवर बसला, सुतळी सैल केली आणि न बघताच आत हात घालून एक ट्यूब काढली. स्वतःच्या रुमालाने सोल पुसला. गोंद लावला, फुंकर मारली आणि बूट दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून धरला – एखादं पाखरू धरावं तसा.

“दोन मिनिटं,” तो म्हणाला. “हे सोल्यूशन वाट बघायला लावत नाही.”

“तुम्हाला उशीर होत असेल.”

“होतोय. पण बूट खो खो हसतोय आणि मालकीण रडकुंडीला आलीय, अशी जोडी वाटेत टाकून जाववत नाही.”

ती हसली. रडकुंडीला आलेली असूनही हसली. त्याने चष्म्यावरून वर पाहिलं आणि मग उगाचच बुटाकडे जरा जास्त लक्ष द्यायला लागला.

“कुठे निघालात एवढ्या पावसात?”

“इथेच. आत. आज तपासणी आहे ना? ती... मीच.”

त्याचे हात जागच्या जागी थांबले. कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. बूट तिच्या हातात देऊन त्याने घाईघाईने खोक्याची गाठ मारली, एकदा चुकली म्हणून परत मारली. “छान. म्हणजे... छानच,” असं काहीतरी पुटपुटत तो पावसात निघूनही गेला. तिच्याकडे छत्री होती. ती देऊ करायचं तिला सुचलं, तोवर तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला होता.

*

आतल्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठी पाटी होती : ‘आमच्या बुटात फक्त पाण्याचा गोंद. द्रावकाचा एक थेंबही नाही.’ पाटीखाली मालक बसले होते. कारखान्यातले सगळे त्यांना मामा म्हणत, कारण ज्याच्या हातात सगळं उत्पादन होतं तो त्यांचा सख्खा भाचा होता. आणि भाच्याला सगळे म्हणत भाचेबुवा.

दहा वाजून गेल्यावर भाचेबुवा आला. ओलाचिंब. हातात खोकं नव्हतं.

तिने घसा साफ केला. “सुरुवातीलाच एक नोंद. तपासणीच्या काळात आम्हाला कुणाकडून काहीही घेता येत नाही. चहासुद्धा नाही. पण आज सकाळी मी यांच्याकडून एका बुटाची दुरुस्ती घेतली. हे कोण ते माहीत नसताना. ती मी अहवालात लिहीन.”

मामा खळखळून हसले. “मॅडम, तुम्ही तर दूधसुद्धा गाळून पीत असाल!”

“मोजून पिते,” ती म्हणाली.

भाचेबुवा मात्र हसला नाही. तो पाटीकडे पाहत होता.

तपासणी चार दिवसांची होती. चामडं कुठून येतं, रंगाचं पाणी कुठे जातं, शिवणाऱ्यांना सुट्टी मिळते का, हे सगळं तिने पाहिलं, विचारलं, पुन्हा विचारलं. चामड्याचं ठीक होतं. पाण्याचं तर फारच चांगलं होतं. तिला बरं वाटलं, आणि आपल्याला जरा जास्तच बरं वाटतंय हेही तिच्या लक्षात आलं.

गोंदखोलीत लांब टेबलाभोवती आठ बायका बसत. सगळ्यांत ज्येष्ठ होत्या त्यांना सगळे मावशी म्हणत. तिने आठही जणींच्या कॉलरला एकेक बिल्ला लावला.

“हा काय दागिना गं?” मावशींनी विचारलं.

“तुम्ही ज्या हवेत श्वास घेता, त्यात काय काय आहे ते हा टिपतो.”

मावशींनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या भाचेबुवाकडे पाहिलं. “या आठवड्यात हवा छान आहे हो,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा ब्रश उचलला.

‘या आठवड्यात’ हे शब्द तिला जरा टोचले. पण तेवढ्यात भाचेबुवा पाण्याच्या गोंदाबद्दल सांगायला लागला. त्या गोंदाबद्दल तो असं बोलायचा, की दुसरा कुणी माणसाबद्दलही तसं बोलणार नाही.

“हा लाजाळू असतो. दोन्ही बाजूंना लावायचा आणि वाळू द्यायचा. अशा दमट हवेत पंचवीस मिनिटं. मध्ये हात लावला की रुसला. पण नीट वाळू दिला आणि मग जोडला की... पावसात, चिखलात, कुठेही न्या.”

“आणि घाई असेल तर?”

तो मावशींच्या ब्रशकडे पाहायला लागला. “घाई... वाईटच,” एवढंच म्हणाला.

दुपारी ती मागच्या व्हरांड्यात थर्मास उघडून बसायची. पहिल्या दिवशी तो कप घेऊन आला. तिने मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो रिकामा कप घेऊन आला.

“हे काय?”

“मी नियम वाचले. तुम्ही घ्यायचं नाही असं लिहिलंय. द्यायचं नाही असं कुठेच नाही.” त्याने कप पुढे केला. “घाला.”

“फारच चलाख आहात.”

“घोडं कुठे अडतं ते बघून पलीकडून जातो, एवढंच.” त्याने घोट घेतला आणि डोळे मिटले. “साखर विसरलात.”

“मी घेत नाही साखर.”

“मग ठीक आहे. सवय लावून घेईन.”

पागोळ्या गळत होत्या. ती खूप वेळ त्या मोजत असल्याचं दाखवत राहिली. किती मोजल्या, ते तिला सांगता आलं नसतं.

*

ती थोरल्या बहिणीकडे राहायची. बहीण तिला लहानपणापासून ‘तराजू’ म्हणायची, कारण तिला लाडूचे दोन तुकडेसुद्धा वजन करून हवे असत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडताच ताईने नाक मुरडलं. “तराजू, बूट बाहेर काढ ते! गेले दोन दिवस मी जिना पुसणाऱ्याला बोल लावतेय. आज खाली वाकून पाहिलं तर वास तुझ्या बुटाला!”

“कसला वास?”

“रंगाच्या दुकानासारखा. डोकं उठलं माझं.” मग ताईचा आवाज बदलला. “आणि हे गाणं कसलं गुणगुणतेयस? चहात साखर नसते तुझ्या, मग ही गोडी कुठून आली?”

ती ऐकत नव्हती. तिने डावा बूट नाकाशी धरला. गोडसर, तीक्ष्ण, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास. प्रयोगशाळेत दोन वर्षं तिने हाच वास हुंगला होता. टोल्युईन. सोल्यूशन पातळ ठेवणारं द्रावक. रोज हुंगलं तर डोकं दुखतं, भोवळ येते, पुढे मेंदूवरही परिणाम होतो.

ज्या कारखान्यात त्याचा एक थेंबही नाही, त्याच कारखान्याच्या फाटकातून ते बाहेर आलं होतं. सुतळीने बांधलेल्या खोक्यातून. तपासणीच्याच सकाळी.

ती जिन्यातच खाली बसली.

“काय गं?” ताई शेजारी टेकली. “कोण आहे तो?”

“ज्याने बूट चिकटवला तो.”

“मग? चांगलंच की.”

“ताई, मी लिहिलं तर त्याच्या मामांचा शिक्का जाईल. तो पुन्हा माझं तोंड बघणार नाही. आणि नाही लिहिलं तर...” तिला मावशींचा ब्रश आठवला. “तर आठ जणी ती हवा हुंगत राहतील, आणि मी त्याच्यासमोर बसून बिनसाखरेचा चहा पीत राहीन.”

ताईने तिच्या केसांवरून हात फिरवला. 

सकाळी तिने सोलच्या कडेला सुकलेला गोंदाचा एक कण चिमट्याने काढला आणि शिक्का देणाऱ्या तिच्या संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रात घातला. आलेखावर ज्या जागी सुळका यायला नको होता, तिथेच तो उभा राहिला. उंच, सरळ. शंकेला जागा नव्हती.

*

दुपारी तो रिकामा कप घेऊन व्हरांड्यात आला. तिच्या थर्मासचं झाकण बंद होतं.

“आज चहा नाही?”

“आज नाही.”

तो उभा राहिला. मग त्याने तिच्या बुटांकडे पाहिलं. डाव्या बुटाकडे. कप हळूच कठड्यावर ठेवला.

“कळलं तुम्हाला.”

“वासावरून. मग मशीनवर.” तिचा आवाज तिला हवा होता तेवढा थंड निघेना. “तुम्ही... तुम्ही पुरावा माझ्या पायालाच चिकटवलात!”

“हो ना,” तो अगदी दीनवाणं म्हणाला. “सगळं सोल्यूशन लपवायला निघालो आणि त्यातलीच ट्यूब काढून तपासनीसाचा बूट जोडला. मामा मला बावळट म्हणतात ते काही उगाच नाही.”

तिला हसू आलं आणि त्याचाच राग आला. “हसवू नका मला!”

“नाही हसवत.” तो कठड्याला टेकला. “ऐन मोसमात मोठी मागणी येते. बाहेर दमट, गोंद वाळता वाळत नाही. मग मामा म्हणतात, काढा डबे. मी दोन वर्षं गरम हवेचं कपाट मागतोय, वाळवायला. मामा म्हणतात, आधी शिक्का मिळू दे. डबे निघाले की मावशींचं डोकं धरतं. मला दिसतं ते. आणि तरीही ते खोकं मीच उचललं. वडील गेल्यावर मला मामांनी वाढवलंय हो... नाही म्हणायला जीभच उचलत नाही.”

“पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.”

“आलं असतं. पण तुम्ही उठून त्या दुरुस्तीची नोंद केलीत. एका बुटाची! मला वाटलं, हिच्यासमोर आपण कोण? मग रोज ठरवायचो, चहा झाला की सांगू.” त्याने कठड्यावरच्या कपाकडे पाहिलं. “चहा लवकर संपायचा.”

पाऊस थांबला होता. पन्हाळीतून थेंब पडत होते... एक... मग बऱ्याच वेळाने दुसरा.

“मी लिहिणार आहे,” ती म्हणाली.

“लिहा. नाही लिहिलंत तर मला तुमच्याबद्दल वाईट वाटेल.” त्याने कप उचलला. “फक्त चारच्या बैठकीत आधी मला बोलू द्या.”

*

चार वाजता मामा नवा सदरा घालून बसले होते. पेढीवरचे हिशेबनीस, विक्रीवाले, सगळे होते. तो आला तो हातात खोकं घेऊन. सुतळी सोडली आणि टेबलावर सोल्यूशनचे डबे मांडले, एका शेजारी एक.

“हे मी सोमवारी बाहेर नेलं होतं,” तो म्हणाला. “परत आणलंय.”



“भाचेबुवा,” मामा सावकाश म्हणाले, “अक्कल गहाण टाकलीस की विकलीस?”

“मामा, तुम्ही मला पहिलं काय शिकवलंत? टाका खोटा पडला की वरून पॉलिश करायचं नाही, उसवायचा. मी उसवतोय.”

मामांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ते पाटीकडे बघायला लागले, जणू ती दुसऱ्याच कुणी लावली होती. शेवटी त्यांनी तिच्याकडे मान वळवली. “मॅडम, म्हणजे आता संपलं सगळं?”

“शिक्का आत्ता मिळणार नाही,” ती म्हणाली. “पाण्याचं, चामड्याचं, सुट्ट्यांचं काम चांगलं आहे, तेही मी लिहीन. सहा महिन्यांनी फेरतपासणी मागता येईल. ते कपाट घ्या. डबे बंद करा. आणि मध्ये कुणीतरी न सांगता येईल, बिल्ले लावायला.” तिने श्वास घेतला. “फक्त फेरतपासणीला मी नसेन. दुसरं कुणी येईल.”

“का हो? तुम्ही तर सगळं बारकाईने पाहिलंत.”

“नियम आहे. तपासणाऱ्याचा... हितसंबंध असेल, तर त्याने स्वतःहून बाजूला व्हायचं असतं.”

“कसला हितसंबंध?” हिशेबनिसांनी विचारलं. “पैशाचा?”

“नाही.”

“नात्याचा?”

“अजून... नाही.”

पेन्सिल तिच्या हातातून सुटून घरंगळत टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. तिथे भाचेबुवा उभा होता. त्याने ती पकडली. त्याचे कान पहिल्या दिवशीपेक्षा लाल होते.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. डब्यांकडे पाहिलं.

“बरोबर आहे,” ते कपाळाला हात लावून म्हणाले. “बूट जोडायला मी पाठवलंच नव्हतं ह्याला. ते ह्याने स्वतःच्या अकलेने केलं!”

*

ती बाहेर आली आणि त्याच तिसऱ्या पायरीवर बसली. अहवाल गेला होता, फाईलवरचं तिचं नाव खोडलं गेलं होतं. थोड्या वेळाने तो आला. एका हातात पाण्याच्या गोंदाची बाटली, दुसऱ्यात दोन कप.

“उजव्या बुटाचंही पुढचं तोंड उघडायला आलंय,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. काढा.”

तिने बूट काढून दिला. त्याने सोल पुढून सोडवला, दोन्ही बाजूंना ब्रश फिरवला आणि बूट दोघांच्या मधे पायरीवर ठेवला.

“आता?”

“आता काही नाही. वाळू द्यायचं.”

दोघं बसून राहिले. तिचा एक पाय उघडा, ओल्या दगडावर. तिने कप हातात घेतला. चार दिवसांतला त्याच्याकडून घेतलेला पहिला चहा. एक घोट घेतला.

“साखर नाही यात.”

“म्हटलं होतं ना, सवय लावून घेईन.”

फाटकातून मावशी बाहेर पडत होत्या. दोघांना बघून थबकल्या. तेवढ्यात त्याचा हात बुटाकडे गेला.

“अरे थांब जरा!” मावशी ओरडल्या. “उतावळा नवरा आणि गुडघ्याला...” वाक्य तसंच सोडून, छत्री फिरवत त्या हसत निघून गेल्या.

त्याने हात मागे घेतला. तो तिच्या हाताशेजारी पायरीवर टेकला. मग तिथेच राहिला. मग बोटांवर बोटं आली. कुणाची आधी हलली, याची नोंद कुणीच केली नाही.

“एक गंमत करू या?” ती म्हणाली. “डावा सोल्यूशनचा, उजवा पाण्याच्या गोंदाचा. माणूस तोच, वाट तीच. सहा महिने हेच घालून चालते. मग दोन्ही खेचून पाहू, कुठला किती धरतो.”

“एकटीच चालणार?”

“प्रयोगावर देखरेख लागते.”

“मी मोकळा आहे.” त्याने चष्मा पुसला. “आणि उजवा टिकला तर? मी ताईंना भेटायला येऊ? मामांना घेऊन?”

“एका जोडीवरून निष्कर्ष काढत नसतात.”

“मी विचारतोय तेही एकाच जोडीबद्दल.”

तिने उजव्या बुटाकडे पाहिलं; गोंद वाळला होता. मग म्हणाली, “रुंदीच्या दर मिलिमीटरला तीन न्यूटन. एवढी ओढ सोसली तरच सोल पास होतो. उजवा तीनच्या वर गेला तर... ये.”

ती त्याला ‘ये’ म्हणाली होती. त्याने ते ऐकलं, आणि बूट उचलून तिच्या हातात दिला. दोघांनी मिळून तो दाबला.

*

त्या सहा महिन्यांत दोघांनी खरोखरच जोडे झिजवले. नदीकाठ, बाजार, टेकडीची वाट. भांडून उलट्या दिशांना चाललेले दोन रविवारसुद्धा. पाऊस सरला, थंडी आली, धूळ उडाली. “तराजू, नवे बूट घे गं,” म्हणून ताई थकली. कारखान्यात गरम हवेचं कपाट आलं. मामांनी पाटी उतरवली, आणि सहा महिने भरल्यावर दुसरे तपासनीस फेरतपासणी करून जाईपर्यंत परत लावली नाही. मध्ये कुणी न सांगता येऊन आठ जणींच्या कॉलरला बिल्ले लावून गेलं होतं. एकाही बिल्ल्यात टोल्युईन सापडलं नाही.

मग एका सकाळी ती दोघं संस्थेच्या प्रयोगशाळेत उभी राहिली. तिच्या पायात नवे बूट होते. जुन्या जोडीच्या पुढच्या भागातून तिने दोन सारख्या पट्ट्या कापल्या, मोजपट्टीने रुंदी तपासली. यंत्र तिने स्वतः चालवलं नाही. हितसंबंध होता. ते एका सहकाऱ्याला दिलं, आणि कुठली पट्टी कुठल्या बुटाची तेही त्याला सांगितलं नाही.

बाहेर बाकावर ताई आणि मामा शेजारी शेजारी बसले होते. “निकाल काहीही लागो,” मामा सांगत होते, “मी नवा सदरा घालूनच आलोय.”

यंत्राचे जबडे घरघरत दूर जायला लागले. त्याने तिचा हात धरला. तळवा घामाने ओला होता, तिचा की त्याचा ते सांगणं कठीण होतं. सहकाऱ्याने पडद्यावरचे दोन आकडे फळ्यावर लिहिले, आणि तिने त्यांच्यापुढे बुटांची नावं घातली.

डावा : २.६ न्यूटन प्रति मिलिमीटर.

उजवा : ४.१.